गुहागरच्या किनाऱ्यावर तंबूत एक रात्र : तिथी, जागा आणि वाळूतल्या खुंट्या

पाखाडी

जानेवारीत गुहागरला समुद्रावर तंबूत एक रात्र राहायचा बेत आहे. आम्ही चौघं, त्यात दहा आणि तेरा वर्षांची दोन मुलं. तीन माणसांचे दोन घुमटी तंबू आहेत, त्यांच्याबरोबर आलेल्या बारीक लोखंडी खुंट्या आहेत. गाडी स्वतःची, चिपळूणमार्गे येणार. शनिवारी दुपारी पोचायचं आणि रविवारी दुपारी निघायचं. मुलांना चांदणं मिळावं म्हणून पौर्णिमेचा शनिवार धरला आहे.

विचारायचं ते असं : तंबू पाण्यापासून किती लांब लावावा? वाळूत खुंट्या टिकतात का? सुरूच्या झाडांखाली लावलेला बरा की उघड्यावर? परवानगी कुणाची लागते? स्वयंपाक तिथेच करायचा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

वाडीकर

आधी तिथी बदला, बाकीचं नंतर.

पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असतं, आणि आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. तुम्ही संध्याकाळी सहाला तंबू लावाल तेव्हा पूर्ण ओहोटी असेल, समोर वाळूचं मैदान दिसेल. ते बघून माणूस हमखास खाली सरकतो. मग सगळे झोपले की पाणी चढतं.

शिवाय आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, थंडीत रात्रीची. म्हणजे दुपारी बाराला पाणी कुठवर आलं ते बघून त्याच्या वर चार पावलं तंबू लावला, तरी जानेवारीत रात्रीचं पाणी ती खूण ओलांडू शकतं. किनाऱ्यावरचे तंबू भिजतात त्याचं मोठं कारण हेच.

शुक्ल अष्टमी किंवा नवमीच्या आसपासचा शनिवार धरा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही आणि फार खालीही जात नाही. पूर्ण भरती संध्याकाळी सहा-सातला आणि पुन्हा सकाळी. मध्यरात्री, म्हणजे तुम्ही झोपेत असाल तेव्हा, ओहोटी. चंद्रही साधारण मध्यरात्रीपर्यंत वर असतो, तेव्हा मुलांचं चांदणं बुडत नाही. उलट तो मावळल्यावर तारे छान दिसतात, थंडीत आकाश निवळ असतं.

तिथी_पाऊणपट

वाडीकरांना अनुमोदन. हिशोब कसा करायचा तो लिहून ठेवतो, पुढे कुणालाही उपयोगी पडेल.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी : ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहा वाजता. एकादशी : सव्वाआठ. पौर्णिमा : १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि उद्याची तीच भरती आजच्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी उशिरा. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती मुंबईच्या थोडी आधी येते, हेही लक्षात असू द्या. नक्की वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं किंवा इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचा अंदाज बघावा. इन्कॉइस उंच लाटांचे इशारेही देतं. असा इशारा असेल तर तिथी कुठलीही असो, किनाऱ्यावर मुक्काम करू नये. दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा आपल्याकडे स्वच्छ हवेतही येऊन आदळतात.

आता पाणी चढतं कसं. सहा तासांत ते सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा : पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा त्या दिवशी फरक २.४ मीटरचा आहे. मग पहिल्या तासात पाणी फक्त २० सेंटिमीटर चढेल, दुसऱ्यात ४०, आणि तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी ६०. किनाऱ्याला चाळीस मीटरला एक मीटर असा उतार असेल तर ६० सेंटिमीटर चढ म्हणजे तासाभरात २४ मीटर वाळू पाण्याखाली. पहिल्या तासातली संथ चाल बघून ‘अजून बराच वेळ आहे’ असं वाटतं ते यामुळे.

शिवाय हे झालं संथ पाण्याचं. लाट फुटून वर धावते ती आणखी पाच-दहा मीटर.

सुरूबन

जागेबद्दल. मीटर मोजत बसू नका, खुणा वाचा.

किनाऱ्यावर पाण्याला समांतर कचऱ्याच्या रेघा दिसतात : वाळलेलं शेवाळ, सुरूच्या काटक्या, शिंपल्यांचा चुरा, प्लास्टिकच्या बाटल्या. खालची ओली रेघ आजच्या भरतीची. त्याच्या वर एक-दोन सुकलेल्या रेघा असतात, त्या मागच्या उधाणाच्या. सगळ्यात वरची, सगळ्यात जुनी रेघ शोधा. तिच्याही वर मर्यादवेल दिसेल, जाड पानांचा, जांभळ्या फुलांचा, जमिनीलगत पसरलेला. तो जिथे धरून आहे तिथे भरतीचं पाणी नेहमी येत नाही. वेल आणि जुनी रेघ यांच्यामधला, वेलाकडचा मोकळा पट्टा ही तंबूची जागा. वेलावर तंबू लावू नका. त्याच्या मुळ्यांनीच तिथली वाळू धरलेली असते, आणि खालची वाळू भुसभुशीत असल्याने तुमच्या खुंट्याही टिकणार नाहीत.

टाळायच्या जागा. एक, वहाळ (ओढा) समुद्राला मिळतो ते तोंड. थंडीत ते कोरडं किंवा घोटाभर पाण्याचं असतं, पण भरतीचं पाणी आधी तिथूनच आत शिरतं आणि तुमच्या मागे जातं. दोन, लाटांनी कापून वाळूचा उभा कडा झालेला भाग. कड्याच्या वर तंबू लावला तर पायाखालची वाळू ढासळते. तीन, केवड्याच्या आणि झुडपांच्या कडेची सावली. तिथे सुकलेल्या पानांचा थर असतो, त्यात काय दडलंय ते दिसत नाही.

सुरूखाली लावावा का? सावलीसाठी दुपारी बसायला उत्तम, झोपायला नाही. सुरूचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. लाटांनी पहिल्या रांगेच्या मुळांखालची वाळू वाहून गेलेली असते आणि ती झाडं कलतात. वाळकी फांदी वाऱ्याने कधीही सुटते. माडाखाली तर अजिबात नको. नारळ आणि झावळी दोन्ही न सांगता पडतात.

आणि सुरूबनात विस्तव नाही. खाली पडलेल्या सुयांचा थर कागदासारखा पेट घेतो, आणि आग वरवर विझली तरी थराच्या आत धुमसत राहते.

पाखाडी

तिथी बदलली, शुक्ल नवमीचा शनिवार बघतोय. परवानगीचं काय?

वाडीकर

गुहागरला ग्रामपंचायत नाही, नगरपंचायत आहे. किनाऱ्यावर मुक्कामाची विचारणा तिथे करायची. सुरूचं बन ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्यांची संमती वेगळी. बहुतेक किनाऱ्यांवर ते वन विभाग किंवा सामाजिक वनीकरण असतं. पोलीस ठाण्यात नावं, गाडीचा नंबर आणि मोबाइल देऊन ठेवा. २००८ नंतर किनाऱ्यावर सागरी सुरक्षेची गस्त असते, आणि रात्री अनोळखी तंबू दिसला की चौकशी होणारच. ओळखपत्रं जवळ असू द्या.

पण माझा खरा सल्ला वेगळा आहे. गुहागरची रचना बघा : गावातला रस्ता किनाऱ्याला समांतर, रस्त्याच्या पश्चिमेला घरं, घरांमागे माडा-पोफळीच्या वाड्या, आणि वाडीच्या शेवटी गडगा (दगडी कुंपण) ओलांडला की थेट पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. यातली काही घरं पाहुणे ठेवतात. त्यांच्याशी बोलून वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला तंबू लावा. विहिरीचं गोडं पाणी, संडास, न्हाणी, रात्री काही झालं तर हाकेच्या अंतरावर माणूस, सगळं एकदम सुटतं. समुद्राची गाज तिथेही तेवढीच येते. मुलं बरोबर असताना मी हाच पर्याय सुचवीन.

वाडीत जागा निवडताना मान वर करा. माडाच्या झावळ्यांचा घेर खोडापासून चार-पाच मीटर असतो, त्याच्या बाहेर तंबू. घरमालकांना ‘नारळ कधी पाडले?’ हे विचारा. नुकतेच पाडले असतील तर धोका कमी, पण सुकी झावळी तरीही पडते.

नांगरगाठ

खुंट्यांवर येतो. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या मातीसाठी असतात. कोरड्या वाळूत दाण्याला दाणा धरत नाही, त्यामुळे दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचा एक झोत आला की त्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. लांब खुंटी घेऊन थोडाच फरक पडतो. वाळूत खुंटी पुरायची असते, ठोकायची नसते.

सामान, एका तंबूसाठी : पाच किलो तांदळाच्या किंवा पिठाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्या आठ, ४ मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी २० मीटर (अडीच-अडीच मीटरचे आठ तुकडे), हाताचं लहान फावडं, बादली. पिशव्या मिळाल्या नाहीत तर बांबूचे ३०-४० सेंटिमीटरचे तुकडे.

कृती :

पिशवी पाऊण भरा, ओल्या वाळूने. वजन आठ-नऊ किलो होतं. तोंड पिळून त्यावर दोरीचं एक टोक घट्ट बांधा. बांबू असेल तर दोरी बरोबर मध्यावर, दोन वेढे देऊन.

तंबूच्या कोपऱ्यापासून दोर ज्या दिशेला ताणायचा त्या दिशेत ४० सेंटिमीटर खोल खड्डा काढा. आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती : खड्ड्यापासून तंबूकडे दोरीसाठी तिरकी चर काढा, जेणेकरून दोरी पिशवीपासून वर येताना सरळ रेषेत येईल. चर नसेल तर दोरी खड्ड्याच्या काठावर वाकते, वारा ओढेल तशी वाळू कापत सरळ होते आणि दोर ढिला पडतो. खुंटी जागेवरच असते, तंबू मात्र फडफडायला लागतो.

बांबू आडवा ठेवायचा, ओढीला काटकोनात. मग थोडी वाळू, पायाने दाबा, थोडं पाणी, पुन्हा वाळू, पुन्हा दाबा. समुद्राचं पाणी चालेल. ओली वाळू दाबली की घट्ट बसते, कोरडी कितीही दाबा, बसत नाही. दोरीचं वरचं टोक वाळूबाहेर ठेवून त्याला फास करा आणि तंबूचा दोर त्या फासात अडकवा. म्हणजे ताण कमीजास्त करायला पुन्हा उकरावं लागत नाही.

आठ म्हणजे चार कोपरे आणि चार बाहेरचे दोर. घाई असेल तर समुद्राकडचे चार आधी.

तंबू उभा करायचा क्रमही महत्त्वाचा. घुमटी तंबू दांड्या घातल्यावर बिनवजनाचा फुगा होतो, वाऱ्यात तो हातातून जातो. आधी खाली अंथरायचं प्लास्टिक, त्यावर तंबू पसरा, चारही आतल्या कोपऱ्यांत पाण्याची भरलेली बाटली किंवा पाठपिशवी ठेवा, वाऱ्याकडचे दोन कोपरे पुरा, आणि मगच दांड्या. दांड्या वाळूवर ठेवू नका. सांध्यात वाळूचे कण गेले की तुकडे नीट बसत नाहीत, आणि अर्धवट बसलेल्या सांध्यावर वाकवलं की फायबरची दांडी उभी चिरते. प्रत्येक सांधा फडक्याने पुसून जोडा.

खालचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर लहान कापा. बाहेर राहिलं तर दव त्यावर जमून घरंगळत तळाखाली येतं.

दोरांना पांढऱ्या फडक्याच्या पट्ट्या बांधा. अंधारात पहिला अडकतो तो मुलाचा पाय.

पाखाडी

@नांगरगाठ, चरीची गोष्ट कुठेच वाचली नव्हती, आभार. दार कुणीकडे ठेवू? समुद्राकडे ठेवलं तर सकाळी तंबूतूनच लाटा दिसतील असं मुलांचं म्हणणं.

मतलई

समुद्राकडे दार ठेवलं तर रात्री नऊपर्यंत वाळू तंबूत. दुपारपासून सूर्य मावळून जाईपर्यंत खारे वारे, पश्चिम-वायव्येकडून. मग तास-दीड तास हवा पडते, डास याच वेळी येतात. उत्तररात्री मतलई वारे सुरू होतात, जमिनीकडून, मंद आणि गार. म्हणून तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे, दार वाडीकडे. पहाटेचा वारा दारातून आत येतो. लाटा बघायला मुलांना बाहेर येऊ द्या, पाच पावलांची तर गोष्ट. आणि वारा दिशा बदलतो म्हणून जमिनीकडचे दोरही पुरलेलेच हवेत.

जानेवारीत पाऊस नसतो पण दव भरपूर पडतं, बाहेरचं आवरण सकाळी निथळत असतं. आवरण आतल्या कापडाला टेकू देऊ नका. टेकलं की तिथून पाणी आत झिरपतं. वरची वाऱ्याची झापडं उघडी ठेवा, दार पूर्ण बंद केलं तर माणसांच्या श्वासाची वाफ आतून जमते, आणि मग तंबू गळतो अशी समजूत होते.

अंथरूण : पांघरायला गोधडी पुरते, पण खाली फोमची चटई पाहिजे. वाळू दिवसा तापते तितक्याच पटकन रात्री गार होते आणि खालून थंडी चढते. दारापाशी पायपुसणं आणि पसरट भांड्यात पाणी. पाय धुऊन, पुसून आत. हा नियम पहिल्या तासात मोडला की रात्रभर वाळूवर झोपायचं.

कासवराख्या

जानेवारी म्हणजे गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, आणि अजून कुणी ते लिहिलेलं नाही, म्हणून जरा विस्ताराने.

नोव्हेंबर ते मार्च हा साधारण हंगाम. मादी रात्री येते, भरतीच्या रेघेच्या वर जाते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा काढते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून परत जाते. म्हणजे तिला हवी असलेली जागा आणि वर तंबूसाठी सांगितलेली जागा एकच. तिच्या वाटेत ताणलेला दोर, खड्डा, प्रकाश, माणसांचा आवाज आला तर ती अंडी न घालताच मागे फिरते.

गुहागरचा किनारा यासाठी किती मोलाचा आहे ते सांगतो. २०२३ मध्ये इथून उपग्रह-टॅग लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, हा समज त्यामुळे बदलावा लागला.

तेव्हा कृपया :

पोचल्यावर आधी वन विभागाच्या कासवमित्रांना, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्यांना गाठा. जाळीने बंदिस्त केलेलं अंड्यांचं केंद्र किनाऱ्यावर असतं, तिथे ते भेटतात. सध्या कुठल्या पट्ट्यात मादी येतायत ते विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या बाजूलाच तंबू लावा. ते ‘आज नको’ म्हणाले तर वाडीत राहा.

अंधार पडल्यावर समुद्राच्या दिशेला पांढरा उजेड नाही. अंड्यातून आलेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर ते समुद्राकडे असतं, तुमचा कंदील लागला की ती जमिनीकडे वळतात, आणि सकाळी कावळे-कुत्र्यांच्या तोंडी जातात. हेडटॉर्चला लाल दिवा असेल तो वापरा, नसेल तर काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा. तंबूच्या आत पांढरा दिवा लावला की अख्खा तंबूच कंदील होतो, हेही ध्यानात ठेवा.

शेकोटी वाळूवर कुठेच नाही. उजेड तर आहेच, पण खाली घरटं असेल तर वाळू तापून अंडी मरतात, आणि घरटं वरून ओळखू येत नाही.

मादी दिसली तर आहे तिथे थांबा, दिवे बंद, फोटोचा फ्लॅश नाही, तिच्या समोर जायचं नाही. सकाळी पाण्यापासून वर गेलेली आणि परत आलेली रुंद, दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे असलेली वाट दिसली तर तिच्यावर चालू नका, कासवमित्रांना कळवा. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे.

निघताना तुमचे सगळे खड्डे बुजवा. मुलांनी किल्ल्यासाठी खणलेलेसुद्धा. बोटभर पिल्लाला गुडघाभर खड्ड्यातून वर येता येत नाही.

सागरवेडी

+१. लाल कागदाचं काम मुलांनाच सांगा, ती मनापासून करतात.

चूल_बंद

स्वयंपाक. चौघांसाठी, शनिवार दुपार ते रविवार दुपार.

पाणी : प्यायला माणशी तीन लिटर म्हणजे १२, स्वयंपाक-चहाला ५, भांडी आणि पाय धुवायला १५ तरी. थोडक्यात २० लिटरचे दोन कॅन. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं, चव घेऊन मगच भरा.

गॅस : २३० ग्रॅमच्या डब्यावर चालणारी पेटीसारखी शेगडी असेल असं धरतो. मोठ्या आचेवर एक डबा दीड-दोन तास जातो, पण उघड्या वाऱ्यात निम्मी आच वाया. खिचडी, दोन वेळचा चहा आणि सकाळचे पोहे मिळून तासभराची आच लागते. दोन डबे न्या, निर्धास्त राहाल.

शेगडी थेट वाळूवर ठेवू नका. एक पाय रुतला की कुकर कलंडतो, आणि उडालेली वाळू बर्नरच्या भोकांत बसते. ३० बाय ४० सेंटिमीटरची प्लायवुडची फळी खाली घ्या. वाऱ्याला आडोसा तीन बाजूंनीच, चौथी मोकळी. आणि या शेगडीवर बर्नरच्या बाहेर पसरणारा मोठा तवा किंवा पातेलं कधीही ठेवू नका. त्याची उष्णता शेजारच्या डब्याच्या कप्प्यावर परावर्तित होते, डबा तापतो आणि फुटतो. डब्याच्या बाजूला आडोशाचा पत्राही नको. तंबूच्या आत, दारातसुद्धा, शेगडी पेटवायची नाही : कापड पेटतं, आणि बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

खिचडी : दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ घरीच धुऊन, पंख्याखाली वाळवून, त्यातच हळद-मीठ-गोडा मसाला घालून डब्यात भरून न्या. तिथे तीन लिटरच्या कुकरमध्ये फोडणी, साडेसहा-सात वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. उघड्या पातेल्यापेक्षा कुकरला गॅस बराच कमी लागतो. सोबत पापड नको, वाऱ्याने उडतात. मिरगुंडं आणि लोणचं न्या.

भांडी समुद्रात विसळू नका. तेल-खरकटं तिथेच किनाऱ्याला लागतं आणि वासाने कुत्री येतात. कागदाने पुसून मग थोड्या पाण्यात धुवा, कागद कचऱ्याच्या पिशवीत. खाणं रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, गाडीत. तंबूत नको, मुंग्या आणि खेकडे दोन्ही येतात.

वाडीकर

संडासाचं राहिलं. वाळूत खड्डा करून भागवणं किनाऱ्यावर चालत नाही. वाळू वाऱ्याने हलते, पुरलेलं उघडं पडतं, आणि मागे दोनशे पावलांवर कुणाच्या तरी पिण्याच्या विहिरी असतात. किनाऱ्यावरच राहायचं ठरलं तरी जवळच्या घरी पैसे देऊन न्हाणी-संडासाची सोय करा, रात्रीसुद्धा वापरू देतील का ते आधीच ठरवून.

पाखाडी

मुलांना समुद्रात खेळायचं आहे. कुठली वेळ बरी?

नांगरगाठ

नवमीला भरती संध्याकाळी पावणेसात-सातच्या सुमारास, म्हणजे शनिवारी दुपारी तीन ते पाच पाणी चढत असेल. तीच वेळ. रविवारी सकाळी सातनंतर पाणी उतरायला लागेल, तेव्हा घोट्याच्या वर नको. उतरत्या पाण्याला बाहेरची ओढ असते, आणि वहाळाच्या किंवा खाडीच्या तोंडाशी ती सगळ्यात जास्त.

आधी स्थानिक माणसाला विचारा, मग दहा मिनिटं उभं राहून लाटा बघा. सगळीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद, फेस समुद्राकडे वाहतोय, तर तो पट्टा पोहायची जागा वाटते पण तोच ओढीचा पट्टा. माणूस त्यात सापडला तर किनाऱ्याच्या दिशेने जोर लावू नये, दमछाक होऊन तिथेच बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांबरोबर आत. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. बाहेरच्याने मागे उडी न मारता दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेकायचा. तुमचे २० लिटरचे कॅन इथे कामाचे.

मुलं कमरेपेक्षा खोल नाहीत, एक मोठा माणूस त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला, एक काठावर. अंधारात कुणीच नाही.

पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) उथळ वाळूत अंग पुरून बसतो. पाय उचलून न टाकता घासत चालावं, तो निघून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवा, वेदना उतरते, मग दवाखाना. जेलीफिशचे तंतू लागले तर चोळू नका, खरवडू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने अलगद उचलून काढा.

सुरूबन

रात्रीचं एक. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप आहे, लहान, मातकट, चटकन न दिसणारं, आणि ते रात्री फिरतं. तंबूची चेन सतत बंद, चपला आत, वाडी आणि तंबू यांच्यामधल्या वाटेवर दिव्याशिवाय आणि बुटांशिवाय नाही. सुक्या झावळ्यांच्या ढिगात हात नाही. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. अंगठी-पैंजण काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय. १०८ ला फोन करा. चिपळूणजवळ कामथे इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, पण चिपळूण साधारण ४५ किलोमीटर. प्रतिसर्प लस गुहागरमध्येच कुठे मिळते ते शनिवारी दिवसाउजेडी विचारून ठेवा.

मतलई

गाडी पुळणीवर उतरवू नका. खालची ओली वाळू वरून कडक वाटते, थांबलेली गाडी हळूहळू बसते आणि चाकं फिरवली की आणखी रुतते. तोवर भरती येते. कासवांची घरटी चिरडतात ते वेगळंच. गाडी रस्त्यावर किंवा वाडीत, सामान दोन खेपांत हातांनी.

पाखाडी

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं ते असं : शुक्ल नवमीचा शनिवार, वाडीच्या टोकाला मुक्काम, आधी कासवमित्रांची भेट, शेकोटी रद्द. पिशव्या जमवायला सुरुवात केली. परत आल्यावर तंबूचं मीठ कसं काढायचं?

नांगरगाठ

तिथे सकाळी ऊन चढून आवरण पूर्ण सुकू द्या, साधारण साडेनऊ-दहा होतात. ओली वाळू कापडाला चिकटते, सुकलेली झटकली की पडते. मग तंबू उलटा धरून झाडा.

घरी आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी : गच्चीत पसरून गोड्या पाण्याने धुवा, मऊ स्पंजने. साबणाची पूड नाही, वॉशिंग मशीन नाही. आवरणाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ थर असतो, तो घासल्याने आणि ओलसर गुंडाळून ठेवल्याने चिकट होऊन सुटतो. चेनचे दात जुन्या दातघाशाने कोरडेच झाडा, मग पाणी, सुकल्यावर मेणबत्ती एकदा फिरवा. आधी मेण लावलं तर वाळू त्यात अडकून चेनचा सरकता भाग झिजतो. दांड्यांचे सांधे उघडून ओल्या फडक्याने, मग कोरड्या. अॅल्युमिनियमच्या असतील तर हे टाळू नका, मिठाने पांढरी पूड धरते आणि सांधे जाम होतात. वाळवणं सावलीत, दोन्ही बाजूंनी.

पिशव्यांतली वाळू मात्र तिथेच, खड्डे बुजवायला वापरा. पिशव्या धुऊन ठेवा, पुढच्या वेळी चालतात. दोरीवरच्या गाठी सोडूनच सुकवा, गाठीत राहिलेलं मीठ दोरी कडक करतं.

कासवराख्या

मे महिन्यापर्यंत पिल्लं समुद्रात सोडली जातात, बहुधा सकाळी किंवा संध्याकाळी. तुम्ही असाल त्या दिवशी एखादं घरटं फुटण्यासारखं आहे का, ते कासवमित्रांना भेटाल तेव्हाच विचारा. अंडी घातल्यापासून पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरची घरटी जानेवारीत फुटायला लागतात. पिल्लं हातात घ्यायची नसतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.